एनएचएलमध्ये सात सामने, शून्य गोल: मग तो खेळाडू कसा होता?

प्रश्न असा आला आहे: "ओंटारिओत एका जुन्या घरात भाड्याने राहतो. मालकीणबाईंचे वडील १९५०-६०च्या दशकात व्यावसायिक आइस हॉकी खेळायचे. भिंतीवर संघांचे फोटो आहेत, कपाटात चषक आहेत. इंटरनेटवर नाव शोधलं तर एनएचएलचे, म्हणजे नॅशनल हॉकी लीग या सर्वांत वरच्या लीगचे, सात सामने आणि शून्य गोल, एवढंच दिसतं. बाई फार अभिमानाने बोलतात. वडील खरोखर मोठे खेळाडू होते, की ही लेकीची माया? अशी नोंद वाचायची तरी कशी?"

बाईंचा अभिमान बहुधा रास्तच आहे. जुन्या सामन्यांच्या गुणपत्रिका आणि वर्तमानपत्रांच्या मायक्रोफिल्म चाळणं हेच माझं काम, आणि त्या काळच्या खेळाडूची नोंद हातात आली की एनएचएलचा रकाना मी सगळ्यात शेवटी बघतो. का, ते सांगतो.

आधी खेळाबद्दल जेमतेम लागेल तेवढं. बर्फावर एका वेळी संघाचे सहा जण असतात, त्यांतला एक गोलरक्षक. बाकीचे पाच म्हणजे मधला सेंटर, त्याच्या दोन बाजूंचे विंगर आणि बचावफळीतले दोघे. या पाचांनी मिनिटभर जीव तोडून खेळायचं, की ते बाकावर आणि दुसरी तुकडी आत. गोल करणाऱ्याला एक गुण, आणि त्याआधी पक, म्हणजे रबराची चकती, पुढे देणाऱ्या जास्तीत जास्त दोघांना एकेक गुण.

आता जागांचा हिशोब. १९४२ साली ब्रुकलिन अमेरिकन्स हा संघ बंद पडला आणि एनएचएलमध्ये सहाच संघ उरले: मॉन्ट्रियल, टोरांटो, बोस्टन, न्यूयॉर्क, डेट्रॉइट आणि शिकागो. १९६७पर्यंत, म्हणजे पुरती पंचवीस वर्षं, सातवा आला नाही. सहाही संघांचे मिळून नेहमी खेळणारे खेळाडू सव्वाशेच्या आतच. कॅनडातल्या खाणींच्या गावांतून, शेतांवरून, गोठलेल्या तळ्यांवरून आलेल्या सगळ्या पोरांना मिळून एवढ्याच खुर्च्या, आणि त्यांतल्या कितीतरी दहा-दहा वर्षं एकाच माणसाखाली. १९५६ ते १९६० ओळीने पाच वेळा स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएलचा विजेतेपदाचा चषक, जिंकणाऱ्या मॉन्ट्रियलच्या संघात सेंटरची जागा कधी रिकामी होणार होती?

विली मार्शलचं नाव कॅनडातल्या पक्क्या हॉकीवेड्यांनाही चटकन आठवत नाही. जन्म १९३१चा, उत्तर ओंटारिओतल्या कर्कलंड लेक या सोन्याच्या खाणींच्या गावातला. एनएचएलच्या लगेच खालची पायरी म्हणजे अमेरिकन हॉकी लीग. तिथे तो वीस हंगाम खेळला: १,२०५ सामने, ५२३ गोल, १,३७५ गुण. त्या लीगमधला हा उच्चांक अजून कोणी मोडलेला नाही, आणि हंगामात सर्वाधिक गोल करणाऱ्याला तिथे आज जो चषक देतात तो त्याच्याच नावाचा. एनएचएलमध्ये? टोरांटोकडून ३३ सामने, एक गोल. तेही चार हंगामांत विखुरलेले, कधी दोन, कधी सहा, कधी नऊ. इतक्या तुटक संधीत कोणता सेंटर आपल्या विंगरशी जमवून घेईल? मार्शलच्या मागे तीनच गोलांनी उभा आहे क्लीव्हलंड बॅरन्सचा फ्रेड ग्लोव्हर, ५२० गोलांचा. तो तीन वेळा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. डेट्रॉइट आणि शिकागो मिळून त्याला एनएचएलचे ९२ सामने मिळाले.

पद्माकर शिवलकर यांच्या नावावर प्रथम श्रेणीत ५८९ बळी आणि कसोटी एकही नाही, हे दुःख मराठी वाचकाला समजावून सांगावं लागत नाही. फरक एवढाच की शिवलकरांवर कोणाची मालकी नव्हती. हॉकीपटूवर होती. सोळा-सतरा वर्षांच्या पोराच्या घरी क्लबचा माणूस यायचा, वडिलांसमोर 'सी-फॉर्म' नावाचा कागद ठेवायचा, वर शंभरेक डॉलर हातावर ठेवायचा. सही झाली की तो पोरगा व्यावसायिक म्हणून फक्त त्याच क्लबचा. क्लब ठरवेल त्या गावात, क्लब ठरवेल त्या लीगमध्ये खेळायचं. दुसऱ्या क्लबला तो हवा असला, तरी मालकाने सोडलं तरच जाता येई. म्हणून नोंद वाचताना पहिला प्रश्न 'किती गोल' हा नसतो, 'मालक कोण' हा असतो. बलाढ्य संघाच्या मालकीचा उत्तम खेळाडू आयुष्यभर खालच्या लीगमध्ये राही आणि दुबळ्या संघाच्या मालकीचा मध्यम खेळाडू वर खेळून जाई.

मला सगळ्यात ओढ लावणारी नोंद गाइल फील्डरची. जन्म १९३०, अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात. वाढला कॅनडाच्या सस्कॅचवानमध्ये. वेस्टर्न हॉकी लीगमध्ये, मुख्यतः सिॲटलकडून, त्याने दोन दशकं गुणांचा नुसता पाऊस पाडला. नऊ वेळा लीगमध्ये सर्वाधिक गुण, सहा वेळा सर्वोत्तम खेळाडूचा मान. १९५६-५७च्या एकाच हंगामात १२२ गुण, त्या काळी कोणत्याही व्यावसायिक लीगमध्ये न ऐकलेला आकडा. सगळी कारकीर्द मिळून १,९००हून जास्त. आता त्याचा एनएचएलचा रकाना बघा: साखळीतले नऊ सामने, शून्य गुण.

हे झालं कसं? १२२ गुणांनंतर डेट्रॉइटने त्याला वर घेतलं आणि १९५७च्या शरदात थेट गॉर्डी हाव याच्या शेजारी सेंटरला उभं केलं. हाव म्हणजे त्या काळचा बहुधा सर्वांत मोठा खेळाडू. कागदावर याहून चांगली जोडी सुचली नसती. पण फील्डरची सगळी कला पक स्वतःजवळ ठेवून, वेळ काढून, नेमक्या क्षणी पास देण्यात होती, आणि हावलाही पक स्वतःच्याच स्टिकवर हवी असायची. बर्फावर पक एकच. सहा सामन्यांत जमलं नाही. फील्डर बाकावर कुजत बसला नाही, सिॲटलला परत गेला आणि पुन्हा गुणांच्या यादीत वर जाऊन बसला. बाकावर बसून एनएचएलचा शिक्का मिरवण्यापेक्षा रोज रात्री खेळणं त्याला हवं होतं. याला अपयश म्हणणारे लेख मी वाचले आहेत. मला ते पटत नाहीत. शिकागोच्या पश्चिमेला तेव्हा एनएचएलचा एकही संघ नव्हता. सिॲटल, पोर्टलंड, व्हँकुव्हर या शहरांत वेस्टर्न लीग हीच सर्वांत वरची हॉकी होती, आणि तिथल्या प्रेक्षकांना हावपेक्षा फील्डर जवळचा होता.

पैशाचं गणितही आज वाटतं तसं नव्हतं. एनएचएलचे पगार बेताचे होते. उन्हाळ्यात पुष्कळ खेळाडू दुसरी नोकरी करायचे. खालच्या लीगमधल्या पहिल्या फळीच्या माणसाला कधी कधी तेवढेच पैसे मिळत, वर बिऱ्हाड हलवावं लागत नसे. 'हौशी' म्हणवणाऱ्या क्वेबेक सीनियर लीगमध्ये तर पैसा उघड गुपित होता. पुढे मॉन्ट्रियलचा दिग्गज ठरलेला झाँ बेलिव्हो तिथे इतका सुखात होता की मॉन्ट्रियलकडे यायला तयारच होईना. शेवटी १९५३ साली मॉन्ट्रियलने ती अख्खी लीगच ताब्यात घेऊन व्यावसायिक करून टाकली. मग त्याच्यापुढे पर्याय उरला नाही.

याच लीगमध्ये दोन माणसं खेळत होती, ज्यांचा एनएचएलचा रकाना वेगळ्याच कारणाने रिकामा आहे.

लॅरी क्वॉन्ग जन्मला जून १९२३ला, ब्रिटिश कोलंबियातल्या व्हर्ननमध्ये. चिनी माणसांना कॅनडाचं दार बंद करणारा कायदा लागू झाला तो त्यानंतर दोनच आठवड्यांनी. वडिलांचं किराणा दुकान होतं. ट्रेल गावच्या संघात त्याची निवड झाली. त्या संघातल्या खेळाडूंना गावातल्या धातू वितळवण्याच्या कारखान्यात चांगल्या पगाराची नोकरी मिळायची. क्वॉन्गला मिळाली हॉटेलात सामान उचलायची. पुढे तो न्यूयॉर्क रेंजर्सच्या हाताखालच्या रोव्हर्स संघात गेला आणि १९४७-४८मध्ये तिथे गुणांच्या यादीत सर्वांत वर आला. वर जागा झाली की बोलावणं मात्र दुसऱ्यांनाच. अखेर १३ मार्च १९४८ला मॉन्ट्रियलच्या फोरममध्ये रेंजर्सच्या जर्सीत तो बाकावर बसला. पहिला डाव गेला, दुसरा गेला. तिसऱ्या आणि शेवटच्या डावात त्याला एकदाच बर्फावर सोडलं, मिनिटभर. तेवढीच त्याची एनएचएल कारकीर्द. चिनी वंशाचा तो एनएचएलमधला पहिला खेळाडू. हंगाम संपल्यावर त्याने न्यूयॉर्क सोडलं, क्वेबेकमध्ये व्हॅलीफील्डकडून टो ब्लेकच्या मार्गदर्शनाखाली खेळला आणि १९५१ला लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याच लीगमध्ये तेव्हा बेलिव्हो येत होता, हे लक्षात ठेवा. पुढे इंग्लंड, मग स्वित्झर्लंडमध्ये प्रशिक्षक. २०१८ला ९४व्या वर्षी गेला.

दुसरा हर्ब कार्नेगी. जमैकाहून आलेल्या आईवडिलांचा, टोरांटोत जन्मलेला सेंटर. क्वेबेकमध्ये ओळीने तीन वर्षं, १९४७ ते १९४९, सर्वोत्तम खेळाडू. १९४८ला रेंजर्सनी सराव शिबिराला बोलावलं आणि करार पुढे केला तो खालच्या लीगमधला. त्याने नको म्हटल्यावर थोड्या वरच्या लीगमधला, मग आणखी थोड्या वरच्या. एनएचएलचा नाहीच. आणि प्रत्येक करार क्वेबेकमध्ये मिळत होतं त्याहून कमी पैशाचा. घरी बायकामुलं होती. तो परत गेला. त्याच्या नावावर एनएचएलचा एकही सामना नाही. २०२२ला हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे हॉकीतल्या थोरांच्या मानाच्या यादीत, घेतलं तेही खेळाडू म्हणून नव्हे, खेळाच्या उभारणीला हातभार लावणारा म्हणून, आणि मृत्यूनंतर दहा वर्षांनी. माझ्या मते हा निम्माच न्याय झाला. त्याच्यानंतर दहा वर्षांनी, जानेवारी १९५८ला, विली ओरी बोस्टनकडून खेळला आणि एनएचएलमधला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला. त्याच्या ४५ सामन्यांबद्दल आता सगळ्यांना माहीत आहे. मात्र ते ४५ आणि त्यानंतरची लॉस एंजलिस आणि सॅन डिएगोची सगळी वर्षं तो उजव्या डोळ्याने जवळजवळ आंधळा असताना खेळला, आणि हे त्याने क्लबपासून लपवून ठेवलं होतं.

बाईंचे वडील गोलरक्षक असतील, तर वरचा सगळा हिशोब आणखी कठोर करा. १९६५-६६पर्यंत दोन गोलरक्षक तयार ठेवायची सक्ती नव्हती, म्हणजे जगात एनएचएलच्या गोलरक्षकाच्या खऱ्या जागा सहा. पिट्सबर्गच्या हॉर्नेट्सचा गिल मेयर अमेरिकन लीगमध्ये सर्वांत कमी गोल देणाऱ्याचा मान पाच वेळा घेऊन गेला. एनएचएलमध्ये नऊ सामने. जॉनी बॉवरने १९५३-५४ला रेंजर्सचे सगळे ७० सामने खेळले आणि पुढच्या वर्षी त्याला पुन्हा खाली पाठवलं. टोरांटोने त्याला उचललं तेव्हा तो ३३ वर्षांचा होता. मग चार स्टॅन्ली कप. टोरांटोने तेव्हा त्याला घेतलं नसतं तर आज त्याचं नावही मला या उत्तरात समजावून सांगावं लागलं असतं.

आणि गोलरक्षक सामन्यात जखमी झाला तर? तर जो हाताशी असेल तो. डेट्रॉइटचा सहायक ट्रेनर लेफ्टी विल्सन, म्हणजे खेळाडूंच्या दुखऱ्या पायांना पट्ट्या बांधणारा माणूस, सरावात गोलमध्ये उभा राहायचा. त्याच्या नावावर एनएचएलचे तीन सामने आहेत, तीन वेगवेगळ्या संघांकडून: १९५३ला डेट्रॉइट, १९५६ला टोरांटो, १९५७ला बोस्टन. शेवटच्या दोन्ही वेळी तो स्वतःच्याच मालकांविरुद्ध गोल अडवत होता, आणि बोस्टनकडून ५२ मिनिटांत त्याने एकच गोल दिला. तिन्ही मिळून ८१ मिनिटं, एक गोल. सरासरी बघितली तर इतिहासातल्या भल्याभल्यांहून सरस. नुसते आकडे वाचणाऱ्याला मी नेहमी हे उदाहरण देतो.

खालच्या लीगमधलं आयुष्य सगळं रम्य नव्हतं. स्प्रिंगफील्ड इंडियन्सचा मालक एडी शोअर स्वतः जुना थोर खेळाडू, पण मालक म्हणून विक्षिप्त आणि कंजूष. मर्जीतून उतरलेल्या खेळाडूंकडून तो रिंकमधली कामं करून घ्यायचा: दिवे बदल, फुगे फुगव, पॉपकॉर्न कर. हाच संघ १९६० ते १९६२ ओळीने तीन वेळा अमेरिकन लीगचा विजेता होता, म्हणजे पॉपकॉर्न करणारे हात काही साधे नव्हते. डिसेंबर १९६६ला शोअरने तिघांना निलंबित केलं आणि बाकीच्यांनी खेळायला नकार दिला. त्यांच्यातल्या ब्रायन किलरीने टोरांटोचा वकील ॲलन ईगलसनला फोन लावला. शोअरला माघार घ्यावी लागली आणि त्या यशाच्या जोरावर १९६७ला एनएचएल खेळाडूंची संघटना उभी राहिली. १९५७ला टेड लिंडसेसारख्या बड्या खेळाडूने हाच प्रयत्न केला, तेव्हा डेट्रॉइटने त्याला शिकागोला धाडून दिलं होतं. मोठ्या नावांना जमलं नाही ते स्प्रिंगफील्डच्या अनोळखी मंडळींनी सुरू केलं. ईगलसन पुढे फसवणुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरला, ती वेगळी आणि कडू गोष्ट.

१९६७ला एनएचएल एकदम सहाची बारा झाली. जून महिन्यात नव्या संघांनी प्रत्येकी वीस, असे १२० खेळाडू उचलले. एका रात्रीत जागा दुप्पट! किलरीला त्याआधी दहा वर्षांत एनएचएलचा एक सामना मिळाला होता. ऑक्टोबरमध्ये लॉस एंजलिस किंग्जचा इतिहासातला पहिला गोल त्याने केला. बिल मास्टरटन तर खेळ सोडून मिनिआपोलिसमध्ये नोकरीला लागला होता. २९व्या वर्षी मिनेसोटाने त्याला बोलावलं आणि त्यांचा पहिला गोल त्याच्या नावावर लागला. ३८ सामने झाले. १३ जानेवारी १९६८ला धडकेत तो मागे पडला, डोकं बर्फावर आपटलं, आणि दोन दिवसांनी तो गेला. हेल्मेट नव्हतं, तेव्हा जवळजवळ कोणीच घालत नसे. नव्या खेळाडूंना हेल्मेट सक्तीचं व्हायला १९७९ उजाडलं. चिकाटीसाठी एनएचएल दरवर्षी जो चषक देते तो त्याच्या नावाचा आहे. उलट्या टोकाला कॉनी मॅडिगन: पोर्टलंडच्या बचावफळीत वर्षानुवर्षं काढून १९७३ला, ३८व्या वर्षी, सेंट लुईसकडून एनएचएलमध्ये पहिल्यांदा उतरला. एनएचएलचा सर्वांत वयस्कर नवखा म्हणून त्याचंच नाव घेतात.

तेव्हा बाईंच्या वडिलांच्या सात सामन्यांकडे असं बघा. हंगाम १९६७च्या आधीचा की नंतरचा, हे पहिलं. आधीचा असेल तर सात हा आकडा चांगलाच भारी आहे. सात सामने एकाच हंगामात आहेत की विखुरलेले? सलग असतील तर त्या आठवड्यांत संघातलं कोण जखमी होतं ते वर्तमानपत्रात सापडेल, आणि कोणाच्या जागी त्यांना उभं केलं यावरून क्लब त्यांना काय समजत होता ते कळेल. एखाद्या हंगामात नेमके तीन सामने दिसले तर ती बहुधा हौशी खेळाडूची चाचणी: व्यावसायिक न होता तीन सामने खेळायची मुभा होती. बेलिव्होने १९५२-५३ला अशा तीन सामन्यांत पाच गोल मारले होते. गोलांच्या शून्याने बिचकू नका. बचावफळीच्या खेळाडूकडून गोलांची फारशी अपेक्षा नसे, आणि राखीव विंगर रात्रीत दोन-तीनदाच आत जाई.

मग खालच्या लीगचे रकाने वाचा, आणि इथे नावांच्या फसगतीपासून सांभाळा. आजची वेस्टर्न हॉकी लीग ही वीस वर्षांपर्यंतच्या मुलांची आहे. फील्डरची लीग वेगळी, ती १९७४ला बंद झाली. 'व्हँकुव्हर कॅनक्स' असं दिसलं म्हणून एनएचएल समजू नका, १९७०पर्यंत तो वेस्टर्न लीगचा संघ होता. 'क्लीव्हलंड बॅरन्स' नावाचा संघ १९७६ ते १९७८ एनएचएलमध्ये होता; ग्लोव्हरचा बॅरन्स तो नव्हे. एकाच गावात, एकाच संघात माणूस सहा-सात वर्षं टिकलेला दिसला तर तो तिथला आधारस्तंभ होता असं समजायला हरकत नाही, कारण उपयोग संपलेल्याला क्लब दुसऱ्या वर्षीच विकून टाकत.

आकड्यांपलीकडचं सगळं त्या त्या गावच्या वर्तमानपत्रात आहे. हर्शी, प्रॉव्हिडन्स, स्प्रिंगफील्ड, रॉचेस्टर अशा गावांत हॉकीच्या बातमीला मोठ्या शहरांपेक्षा जास्त जागा मिळे, आणि तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयांत मायक्रोफिल्म असते. नाव सापडलं नाही तर स्पेलिंग बदलून बघा. इंग्रजी वर्तमानपत्रं फ्रेंच आणि पूर्व युरोपीय नावांची वाट लावत. कधी आडनावच बदललेलं असतं. बॉवरचं जन्माचं आडनाव किझकन होतं आणि क्वॉन्ग हे आडनाव वडिलांच्या दुकानाच्या पाटीवरून चिकटलं होतं, घराण्याचं नाव एंग. भिंतीवरचे फोटो काढून घेता आले तर पाठीमागची बाजू आधी बघा. स्टुडिओचा शिक्का, गाव आणि साल बहुतेक वेळा तिथेच असतं, आणि संघाच्या फोटोत बाकी कोण उभे आहेत त्यावरून हंगाम पक्का करता येतो.